पिशवी काढायचं ठरलं

आमच्या घरात 'पिशवी' हा शब्द दिवसातून इतक्या वेळा उच्चारला जातो, की तेवढ्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर आम्ही सगळे कधीच तरून गेलो असतो. धंदाच पिशव्यांचा. वर घर, खाली कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तीन शिलाई मशिनी, कापायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. एकेका खिळ्यावर एकेक नमुना. नवी पिशवी भिंतीवर 'चढते' आणि खपेनाशी झाली की आम्ही ती 'काढतो'. काढायची म्हणजे नमुना खिळ्यावरून उतरवायचा, जो फर्मा कापडावर ठेवून ती बेततात तो पुठ्ठाही कापून टाकायचा, आणि तिचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. ही भाषा आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं.

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्याकडे मशीन थांबवून कुणी बोलत नाही. 'मशीन थांबलं की पोट थांबलं,' असं माझे सासरे म्हणायचे. सासरे गेले, नियम राहिला. त्यामुळे आम्ही सगळे ओरडून बोलतो आणि निम्मंच ऐकतो. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही माणसं दिवसभर भांडतात. भांडत नव्हती बिचारी, चहा हवा का ते विचारत होती.

माणसं मोजकीच. माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, कारखान्याचे मालक. माझी थोरली जाऊ, म्हणजे त्यांची बायको. तिच्यासारखी शिलाई अख्ख्या बाजारात कुणाची नाही. सासूबाई दाराशी बसून तयार मालाचे लोंबते दोरे कापतात आणि कापता कापता बाकीच्यांनाही. तिसऱ्या मशीनवर मी. माझे यजमान माल पोचवायला बाहेर असतात. या गोष्टीत त्यांचं काही काम नाही, आणि घरातही फारसं नसतं.

तर थोरलीला वर्षभर पाळीचा त्रास सुरू होता. निम्मा महिना अंगावरून जायचं. जिना चढताना मध्येच बसायची आणि 'सहज बसले' म्हणायची. चेहरा असा पांढरा पडलेला की मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही कॅनव्हासच्या ताग्याशेजारी उभ्या राहू नका, भाऊजी तुमच्यावर खडूनं रेघा मारतील." ती हसली, पण हसायलाही तिला भिंत धरावी लागली.

त्यातच एका महिन्यात पाळी चुकली. वय चाळिशी ओलांडलेलं, दोन्ही मुलं कॉलेजात. थोरलीनं मला जिन्याखाली ओढलं आणि कानात सांगितलं. "अगं, मुलगी काय म्हणेल? 'आई, माझ्या आधी तुझंच?'" म्हणून स्वतःच हसायला लागली. पण माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या.

"पण इतकी वर्षं तुम्ही काय वापरत होतात?" मी विचारलं.

"काही नाही गं. आमचं आपलं मोजून-मापून चालतं."

मापाच्या बाबतीत भाऊजींचा हात धरणारं कुणी नाही, हे मला मान्य आहे. पण कापड मुकाट्यानं पडून राहतं, महिन्याचं गणित तसं पडून राहत नाही. सुदैवानं तसलं काही नव्हतं. पाळी उशिरा आली आणि आली ती सगळं उट्टं काढत आली. भीती मात्र तिच्या मनातून गेली नाही.

मग मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, एक बारकी गाठ होती. घाबरण्यासारखी नव्हती, पण अंगातलं रक्त फार कमी झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "उपाय पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या, निवांत बोलू." थोरलीनं मान डोलावली. ऐकलं काहीच नाही, कारण तिचं आधीच ठरलं होतं. तिच्या मामेबहिणीनं पिशवी काढून टाकली होती.

"बघ कशी सुटली ती," परत येताना थोरली म्हणाली. "पाळी नाही की पोराची भीती नाही. एका दगडात दोन पक्षी."

"पण दगड केवढा आहे ते तरी बघा," मी म्हटलं.

तिनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली. थोड्या वेळानं म्हणाली, "भीती मलाही वाटते गं. भूल दिली आणि उठलेच नाही तर? आणि उठले, तर मी मीच असेन ना?" मग अगदी हळू: "ह्यांनी एकदा म्हटलं ना, की घाई करू नकोस, तर मी थांबेन."

बस, एवढंच हवं होतं तिला. नवऱ्याच्या तोंडून एक वाक्य.

दुसऱ्या दिवशी तिन्ही मशिनी खडखडत असताना तिनं मान वर न करता विषय काढला. मधला काळ तिनं शब्दांची जुळवाजुळव करण्यात घालवला होता आणि शेवटी निघाले ते एवढेच.

"अहो, पिशवी काढून टाकावी म्हणते."

भाऊजी एका दप्तराला चेन लावत होते. त्यांनीही मान वर केली नाही. "टाक की! मी तेच म्हणणार होतो."

"तुम्हाला चालेल?"

"न चालायला काय झालं? जुनी झाली. आता तिच्यातून काय मिळणार? उगाच जागा अडवून बसलीय."

थोरलीच्या मशीनची सुई वेडीवाकडी पळाली. मी ते पाहिलं. "मी म्हणत होते, थोडं थांबून बघावं का..."

"थांबायचं कशाला? कधीच काढायला हवी होती. तुझा जीव अडकला होता तिच्यात, म्हणून मी बोललो नाही." पुढचं माझ्याच मशीनच्या आवाजात बुडालं. मला फक्त 'नवी बघू' एवढं ऐकू आलं, आणि मी मनातल्या मनात भाऊजींना दोन सणसणीत शिव्या हासडल्या.

"बरं," थोरली म्हणाली. बारा गावचं पाणी प्यालेली बाई जेव्हा नुसतं 'बरं' म्हणते, तेव्हा समजावं की काहीतरी तुटलं. दुपारी तिनं दवाखान्यात फोन केला आणि ऑपरेशनची तारीख मागितली. तिकडची मुलगी म्हणाली, आधी दोघं येऊन मॅडमना भेटा. तिनं भेटीची वेळ घेतली आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली. त्या दिवशीच्या तिच्या शिलाया हत्तीनं ओढल्या असत्या तरी उसवल्या नसत्या.

मी माझ्या परीनं युद्ध पुकारलं. भाऊजींच्या चहातली साखर काढून घेतली. त्यांनी कात्री मागितली की बोथट द्यायची, खडू मागितला की तुटका. भाऊजी बापडे तो बिनसाखरेचा चहा पिऊन मशीनमागे शीळ घालत होते. "हिला काय झालंय?" एवढंच त्यांनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंच्या कानावर सगळं गेलं होतं, कारण त्यांच्या कानावर न जाणारं काही या घरात घडतच नाही. "आमच्या वेळी एकच ऑपरेशन होतं," त्या दोरे कापत म्हणाल्या. "मुलं झाली की बाई जायची आणि करून यायची. नुसतं 'ऑपरेशन झालंय' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. पोट काढलंय की डोळा, कुणी विचारत नसे."

"मग तुम्ही आधी तांबी का नाही बसवून घेतली, आई?" मी विचारलं.

"नर्सबाई म्हणाली होती. 'आजी व्हायच्या आधी तांबी बसवून घ्या' म्हणाली. मी म्हटलं, बसवते की. घरात जागा कुठाय पण? ओट्यावर ठेवू का माळ्यावर?" आणि स्वतःच्याच विनोदावर त्या इतक्या हसल्या की हातातली कात्री पडली. थोरलीही हसली. तेवढ्यापुरती.

त्याच दिवसांत मी भिंतीवरचा एक खिळा रिकामा पाहिला. टेबलाखाली पुठ्ठ्याचे तुकडेही पाहिले. पण रागात माणसाला दिसतं तेवढं उमजत नाही.

भेटीच्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. थोरलीनं मला हट्टानं सोबत घेतलं होतं आणि भाऊजींना 'रक्त कमी झालंय, दोघांना बोलावलंय' एवढंच सांगितलं होतं. भाऊजींची अवस्था बघवत नव्हती. बायकांच्या दवाखान्यात ते मुलीकडच्या मांडवात चुकून शिरलेल्या माणसासारखे आक्रसून बसले होते. भिंतीवर बाईच्या पोटाचं चित्र होतं, म्हणून ते खाली बघत होते. टेबलावर काचेखाली आणखी एक होतं, म्हणून त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. शेवटी त्यांची नजर डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीमागे टांगलेल्या मोठ्या कापडी पिशवीवर पडली आणि तिथेच स्थिरावली. जीवात जीव आला त्यांच्या. आमचीच पिशवी होती ती, जुन्या नमुन्याची.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला. "तर, पिशवी काढायची असं तुमचं ठरलंय म्हणे?"

भाऊजींचा चेहरा उजळला. एवढ्या परक्या मुलखात कुणीतरी ओळखीचं बोललं. "ठरलंय काय, काढलीसुद्धा!"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "काढली? कुठे?"

"घरीच. खाली कारखान्यात."

"कुणी काढली?"

"मीच. त्याला काय लागतं? कात्री घेतली आणि टाकली कापून. हिनंच सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी सावकाश मान वळवून थोरलीकडे पाहिलं. ती समोर बसलेली होती, अखंड. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा तिघांत शुद्धीवर कोण आहे याचा अंदाज घेत होत्या.

"हीच ती," भाऊजी खुर्चीमागे बोट दाखवून म्हणाले. "जपून वापरा हं मॅडम. आता तशी मिळायची नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रिकामा खिळा, पुठ्ठा, शीळ. मी कपाळावर हात मारला. "अहो भाऊजी, ताई भिंतीवरच्या पिशवीबद्दल बोलत नव्हत्या. पोटातल्या पिशवीबद्दल बोलत होत्या. ऑपरेशन करून काढायची ती!"

ध चा मा ऐकून होते, पण असा डोळ्यांसमोर उलगडताना पहिल्यांदाच पाहिला. भाऊजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या चित्राकडे, ज्याच्याकडे ते इतका वेळ बघत नव्हते. मग त्यांचे ओठ हलायला लागले. ते स्वतःचंच बोलणं आठवत होते. जुनी झाली. काय मिळणार. जागा अडवून बसलीय. एकेक वाक्य परत येत होतं आणि एकेका वाक्याबरोबर त्यांचा रंग उतरत होता.

"मी असं म्हणालो?" ते पुटपुटले.

"शब्दन् शब्द," थोरली म्हणाली.

आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं थांबलं, पाणी मात्र थांबेना. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. थोरलीनं घोट घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पण त्या पिशवीबद्दल तरी असं कसं म्हणालात हो? मी बेतलेली होती ती. पहिल्या वेळी दिवस गेले होते तेव्हा बसून बेतली होती."

भाऊजींनी खुर्चीमागच्या पिशवीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. 

डॉक्टरीणबाईंनी घसा साफ केला. "आता मी बोलू? पोटातल्या पिशवीबद्दल?"

मग त्या बोलल्या आणि या खेपेला थोरलीनं ऐकलं. डॉक्टरीणबाई मला आवडल्या, कारण त्या घाबरवत नव्हत्या आणि लपवतही नव्हत्या. पिशवी काढणं हे काही पाप नव्हे, म्हणाल्या. कुणाकुणाला दुसरा इलाजच नसतो, आणि त्या बायका पुढे सुखानं राहतात. पण ते मोठं ऑपरेशन आहे. भूल द्यावी लागते. रक्तस्राव होऊ शकतो, जंतू शिरू शकतात, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. शेजारीच मूत्राशय आणि आतडं असतं, क्वचित त्यांना धक्का लागतो. पुढे कित्येक आठवडे जड उचलायचं नाही. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याच्या वयाचे त्रास कधीकधी लवकर मागे लागतात. "आणि तुमचं रक्त आधीच इतकं कमी आहे. बारक्या गाठीसाठी आणि दिवस जायच्या भीतीसाठी थेट पिशवीच काढायची, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळावर देण्यासारखं झालं."

"मग रोजच्या गोळ्या घेऊ?" थोरलीनं विचारलं.

"तुमचं बीपी वाढलेलं आहे. नेहमीच्या गोळ्या या वयात, बीपी असताना, मी देणार नाही. गुठळीचा धोका वाढतो."

"आणि तांबी?"

"साध्या तांबीनं दिवस राहणार नाहीत, पण अंगावरून जाणं आणखी वाढेल. आगीतून फुफाट्यात. नळ्या बांधायचं ऑपरेशन केलं, तर भीती जाईल, त्रास तसाच राहील."

भाऊजी एकदम ताठ बसले. "माझं करा! पुरुषांचं असतं ना? आत्ता करा."

"असतं, आणि बायकांच्या ऑपरेशनपेक्षा ते पुष्कळ सोपं असतं. याआधीच आला असतात तर मी तुमचा सत्कार केला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्यानं यांचा रक्तस्राव थांबेल का? बसा. पाणी प्या. तुम्हाला घाम आलाय."

एक उपाय त्यांनी शेवटी सांगितला. तांबीसारखंच एक बारकं साधन, पण त्यातून हार्मोन पाझरतं, पिशवीतल्या पिशवीत. दिवस राहत नाहीत आणि रक्तही हळूहळू कमी होतं, काही वर्षं टिकतं. सुरुवातीचे काही महिने थेंब थेंब जात राहतं, तेव्हा वैतागायचं नाही. बसवताना कळ येते. क्वचित सरकतं, निसटतं, फारच क्वचित पिशवीला टोचतं; म्हणून तपासायला यायचं. "बसवण्याआधी अस्तराचा तुकडा तपासून घेऊ. आणि नाहीच गुण आला, तर ऑपरेशन कुठे पळून जातंय? घरी जा, विचार करा. ठरवायचं तुम्ही." हे त्या भाऊजींकडे न बघता थोरलीकडे बघून म्हणाल्या.

'अस्तर' म्हटल्यावर आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पिशवीला अस्तर असतं हे निदान आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

निघताना भाऊजी दारात घुटमळले. "मॅडम, तुमची पिशवी दोन दिवस द्याल? उसवतो, फर्मा काढून घेतो, परत शिवून देतो."

"देते," डॉक्टरीणबाई पिशवीतलं सामान टेबलावर ओतत म्हणाल्या. "पण उसवायची नाही. उसवल्याशिवाय काम होतं का ते आधी बघा. इतका वेळ मी दुसरं काय सांगतेय?"

घरी आल्यावर सासूबाईंना सगळा वृत्तांत द्यावा लागला. त्यांनी एकच शंका काढली: "त्यात तांबं नसतं, तर तिला तांबी का म्हणायचं?" त्या शंकेचं निरसन अजून कुणी करू शकलेलं नाही.

भाऊजी मात्र बदलले. शीळ बंद झाली. ती पिशवी मांडीवर घेऊन, टेप लावून, आतून बाहेरून मापं घेत बसायचे. आतल्या बाजूला एक चोरखिसा होता, त्याचं माप काही केल्या जमेना. मी त्यांच्या चहात दुप्पट साखर घातली, तीही त्यांनी न बोलता पिऊन टाकली. मला त्यांची दया आली, म्हणजे आमच्या नात्यात जेवढी येते तेवढी.

थोरलीनं घाई केली नाही. लोहाच्या गोळ्या घेत राहिली, विचार करत राहिली. एकदा मला म्हणाली, "रागानं काढायला निघाले होते गं मी. ह्यांना नको असेल तर मला तरी कशाला हवी, असं वाटलं होतं." मी तिचा हात धरला. तो आता पूर्वीइतका गार लागत नव्हता.

मग एका सकाळी, तिन्ही मशिनी ऐन भरात असताना, ती नेहमीसारखीच मान वर न करता म्हणाली, "अहो, पिशवी राहू दे."

भाऊजींचं मशीन थांबलं.

ते बघून माझा पाय पेडलवरून आपोआप निघाला. थोरलीचंही थांबलं. सासऱ्यांच्या वेळेपासून त्या खोलीत भर दिवसा अशी शांतता कधी झाली नसेल. दाराशी बसलेल्या सासूबाई दचकून म्हणाल्या, "लाईट गेली का गं?"

"कोणती?" भाऊजींनी विचारलं. ओरडायची गरज नव्हती, म्हणून हळू विचारलं.

"दोन्ही," थोरली म्हणाली. "भिंतीवरच्या पिशवीचा फर्मा तुम्ही कापलात, तो तुम्हीच परत करायचा. चोरखिसा कसा बेतायचा ते मी दाखवेन. आणि माझ्या पिशवीचं मी ठरवलंय. तपासणी करून ती बिनतांब्याची तांबी बसवून घेते. गुण नाही आला तर पुढचं पुढे. बसवताना दुखेल म्हणाल्यात, तेव्हा तुम्ही बाहेर बसायचं. फोनवर बोलायचं नाही, ऑर्डरी घ्यायच्या नाहीत. नुसतं बसायचं."

"बसतो," भाऊजी म्हणाले.

"आणि मला अजूनही भीती वाटतेय."

तिचं सगळं बोलून होईपर्यंत त्यांनी पेडलवर पाय ठेवला नाही.